घूं, झर्र आणि खर्र: सेकंडहँड बेसचा परत परत येणारा आवाज

विकणाऱ्याच्या घरी बेस (बेस गिटार) शांत होता. आपल्या घरी आणून अॅम्पला (अॅम्प्लिफायरला) लावला आणि घूं सुरू. दुरुस्तीला नेला, पिकअप (तारांची थरथर पकडून विजेत बदलणारा चुंबक-कॉइलचा भाग) बदलून आला, काही दिवस बरे गेले, पावसाळा लागला आणि आवाज परत हजर. शेवटी मालक कंटाळतो, ‘कॅनडाला चाललोय, लवकर विकायचाय’ अशी जाहिरात टाकतो आणि बेस पुढच्या घरी जातो. बडोद्यात बेस वाजवणारे मोजके. त्यामुळे तोच बेस कारेलीबागेतून मांजलपूर, मांजलपुरातून अलकापुरी असा फिरतो आणि प्रत्येक घरी त्याच्या अंगावर नवा पिकअप चढतो. पिकअपचा यात बहुतेक वेळा काडीचाही संबंध नसतो. पिकअपमधली तार तुटली तर बेसचा सूर गायब होतो, किंवा बारीक, कागदी होतो. जाऊन परत येणारी घूं हे वेगळंच दुखणं आहे.

असा आवाज शोधायचा तर बेसमध्ये जिथे धातू धातूला नुसता टेकलेला आहे, त्या जागा आधी बघाव्यात. नीट सोल्डर केलेला सांधा सहसा वर्षानुवर्षं टिकतो. पण स्क्रूखाली दाबलेली तार, नटनं आवळलेला जॅक (बेसवर केबल खोचायची जागा), भिंतीतल्या सॉकेटमधली अर्थिंगची पिन, यांचं हवेप्रमाणे बदलत असतं. कधी जोडलेल्या, कधी सुटलेल्या. अशा जागा चारपाचच आहेत, आणि त्यातली एक बेसच्या बाहेर, तुमच्या घराच्या मागच्या अंगणात असू शकते.

आधी आवाजाला नाव द्या

‘नॉइज येतोय’ एवढ्यावर कोणीच काही सांगू शकत नाही. घूं हा खालचा, गुळगुळीत, सलग आवाज. झर्र म्हणजे त्याला काटे फुटलेले, माशी अडकल्यासारखा. खर्र फक्त काही हलवलं की येतो: नॉब फिरवला, केबल हलली, जॅकला धक्का लागला.

आपल्याकडे घरातली वीज ५० सायकलची. बेसच्या ई तारेवर तिसऱ्या पट्टीतला जी स्वर ४९ हर्ट्झचा आहे आणि मोकळी जी तार ९८ ची. म्हणजे विजेची घूं (५०) आणि तिची दुप्पट (१००) दोन्ही आपल्या जी स्वराच्या अगदी कुशीत बसतात. ई तारेवर तिसरी पट्टी दाबून धरा. घूं चालू असेल तर दोन आवाज एकमेकांत हेलकावे खाताना ऐकू येतात. ते आले की गडबड विजेच्या लाइनची, हे नक्की. अमेरिकन व्हिडिओंमध्ये हीच खूण बी-फ्लॅट आणि बी यांच्या मधे सांगतात, कारण तिकडे वीज ६० सायकलची. ती इथे लावू नका. आणि हो, बेस बघायला गेलात आणि विकणारा सगळं जी मध्येच वाजवून दाखवत असेल, तर त्याला दुसऱ्या स्वरात वाजवायला सांगा. जी मध्ये घूं लपतेच, वर बेस भरदार वाटतो.

दुसरी खूण ऋतूची. हिच्याकडे फारसं कोणी बघत नाही, पण निम्मं निदान हिच्यातच आहे. आवाज एप्रिल-मे मध्ये वाढत असेल आणि चांगला पाऊस पडल्यावर आपोआप कमी होत असेल, तर घराच्या अर्थिंगकडे जा. उलट, उन्हाळाभर शांत असलेला बेस जुलै-ऑगस्टात बोलायला लागला, तर ब्रिजखाली (तारांची खालची टोकं धरणाऱ्या धातूच्या पत्र्याखाली) गंज धरला असण्याची शक्यता जास्त. बाराही महिने एकसारखा असेल तर तो बहुधा बिघाडच नाही, सिंगल कॉइल (एकाच गुंडाळीच्या) पिकअपचा स्वभाव आहे. त्याबद्दल पुढे.

बेस उघडण्याआधी घर तपासा

अॅम्प चालू करा, केबल काढून टाका. तरी घूं असेल तर अॅम्प बघा, बेसला हात लावू नका. केबल अॅम्पला लावून दुसरं टोक मोकळं सोडलं तर गुरगुर येणारच, त्यावरून काही ठरत नाही. बेस जोडा आणि बेसवरचा व्हॉल्यूम शून्यावर न्या. पॅसिव्ह (बॅटरी नसलेल्या) बेसवर असं केलं की सिग्नलची तार ग्राउंडला (सर्किटच्या शून्य बाजूला) जोडली जाते. तरीही आवाज तेवढाच असेल तर दोष जॅक, केबल, अॅम्प किंवा घराच्या विजेत आहे. थांबला तर दोष बेसच्या पोटात आहे किंवा पिकअप खोलीतलं काहीतरी उचलतोय.

खोलीत उचलण्यासारखं पुष्कळ असतं. सगळ्यात मोठा गुन्हेगार पंख्याचा रेग्युलेटर. ठोक्याठोक्यानं एक-दोन-तीन-चार फिरणारे रेग्युलेटर कपॅसिटरवर चालतात, ते सहसा त्रास देत नाहीत. पण जो अलगद फिरतो, मधे कुठेही थांबतो, तो विजेची लहर कापून पंख्याचा वेग कमी करतो. त्या कापलेल्या कडा थेट झर्र म्हणून पिकअपमध्ये येतात. पंखा पूर्ण बंद करून बघा. दिव्यांचे डिमर तसेच. स्वस्त एलईडी बल्ब, मोबाइलचा चार्जर, शेजारच्या खोलीतलं इंडक्शन हेही त्याच रांगेतले. लॅपटॉपवर रेकॉर्ड करत असाल तर लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर चालवा. झर्र तत्काळ गेली तर बेस निर्दोष सुटला. दोन पिनांच्या चार्जरमधून थोडी गळती येतच असते, तारांना हात लावल्यावर बोटांना मुंग्या येतात त्या याच.

आता अर्थिंग. रावपुरा, दांडिया बाजार, वाडी या भागांतल्या जुन्या वाड्यांमध्ये कित्येक सॉकेटना अर्थिंगचं भोक असतं, मागे तार नसते. जिथे असते तिथे ती जमिनीत पुरलेल्या पाइपला किंवा पत्र्याला गेलेली असते आणि त्याच्या भोवती मीठ-कोळसा भरलेला असतो. ती माती ओली असेल तोवरच ते नीट चालतं. म्हणून वर पाणी घालायची सोय केलेली असते, आणि उन्हाळ्यात पाणी घालायचं असतं. पारा ४० च्या वर गेल्यावर कुंड्यांना आठवणीनं पाणी घालणारी घरं त्या खड्ड्याला मात्र विसरतात. अर्थिंग कोरडं पडलं की अॅम्पचं धातूचं अंग, केबलचं जाळीचं वेष्टण आणि बेसच्या तारा, सगळं एकत्र अधांतरी तरंगायला लागतं, आणि फ्रिजपासून संगणकापर्यंत प्रत्येकाची गळती त्यात मिसळते. मे महिन्यात झर्र वाढते ती अशी.

वायरमनला बोलावून फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ व्होल्टेज मोजून घ्या. पहिलं २३० च्या आसपास आणि दुसरं दोनचार व्होल्ट असलं पाहिजे. दुसरं मोठं दिसलं तर पिकअप, शील्डिंग (बेसच्या पोकळीतलं फॉइलचं अस्तर), सगळं विसरा आणि आधी ते नीट करा. इथे प्रश्न फक्त आवाजाचा नाही. बेसच्या तारा अॅम्पच्या धातूच्या अंगाला जोडलेल्या असतात आणि तुम्ही त्या दोन्ही हातांनी धरता. ब्रिजला टेस्टर लावल्यावर दिवा लागला तर वाजवणं तिथेच थांबवा. तीन पिनांच्या अॅम्पला दोन पिनांचा अॅडाप्टर लावून घूं घालवणारे ‘जाणकार’ या शहरात आहेत. त्यांचं ऐकू नका. सर्किटवर आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवली असेल तर उत्तमच.

हात लावून बघणे, आणि त्याचा उलटा अर्थ

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे. ‘तारांना हात लावला की आवाज थांबतो, म्हणजे बेसचं ग्राउंड तुटलंय’ असं ठामपणे सांगणारे भेटतात. खरं बरोबर उलट आहे. तुमचं शरीर खोलीतल्या वायरिंगचं क्षेत्र अँटेनासारखं गोळा करत असतं आणि जवळच्या पिकअपला देत असतं. तारा ग्राउंडला जोडलेल्या असतील तर हात लावताच शरीरही ग्राउंडला जातं, आणि झर्र पडते. म्हणजे हात लावल्यावर आवाज कमी होणं ही ब्रिजची तार (ब्रिजला ग्राउंडशी जोडणारी आतली वायर) शाबूत असल्याची खूण. हात नसताना जी झर्र उरते ती शील्डिंग कमी असल्याची.

हात लावला काय, न लावला काय, काही फरक नाही? मग ब्रिजची तार सुटली आहे. आणि हात लावल्यावर आवाज वाढला तर जॅकवरच्या दोन तारा उलट सोल्डर झाल्या आहेत, किंवा घरात अर्थिंग नाही. पहिलं कारण मी जास्त वेळा बघितलंय. आधीच्या मालकानं घाईत जॅक बदललेला असतो.

दोन अपवाद. नायलॉन गुंडाळलेल्या टेपवाउंड तारा असतील तर बोट धातूला लागतच नाही, तेव्हा ब्रिजलाच हात लावून बघा. आणि ईएमजीसारखे अॅक्टिव्ह (बॅटरीवर चालणारे) पिकअप असतील तर ब्रिजची तार जोडायचीच नसते, कंपनीच तसं सांगते. सेकंडहँड बाजारातला एक नेहमीचा घोटाळा याच दुसऱ्या अपवादातून येतो. कोणीतरी बेसमध्ये ईएमजी बसवतो आणि ब्रिजची तार कापून बाजूला ठेवतो. विकताना महागडे पिकअप काढून घेतो, मूळचे परत बसवतो, आणि ब्रिजची तार परत जोडायचं विसरतो. नव्या मालकाला मिळतो ‘कंपनीच्या मूळ पिकअपचा’ बेस, जो कंपनीतून निघाला तेव्हा कधीच एवढा ओरडत नव्हता. मग तो मूळ पिकअपांना नावं ठेवत नवे घेतो. पोकळीत एक आखूड, मोकळी, कशालाच न जोडलेली काळी तार दिसली तर ती हीच.

ब्रिजखालची तार

मल्टिमीटर बीपवर ठेवा. एक टोक केबलच्या प्लगच्या बाहेरच्या नळीला, दुसरं ब्रिजला. बीप आली म्हणून खूश होऊ नका, ओहमच्या रेंजवर आकडा बघा. एक-दोन ओहमच्या आत आणि स्थिर हवा. ब्रिज अंगठ्यानं दाबल्यावर किंवा एखादी तार ओढल्यावर आकडा नाचला तर सापडलं.

बऱ्याच बेसमध्ये, महागड्यांतसुद्धा, पोकळीतून एक तार लाकडातल्या बारीक भोकातून ब्रिजखाली येते आणि तिचं सोललेलं टोक ब्रिजच्या पत्र्याखाली नुसतं दाबलेलं असतं. सोल्डर नाही, काही नाही. नवीन असताना हे छान चालतं. मग तळहाताचा घाम, पावसाळ्यातली दमट हवा, तांब्यावर हिरवट थर, पत्र्याच्या मुलाम्यावर पांढुरका. स्क्रू आवळला की थर थोडा खरवडला जातो, आवाज बंद. पुढच्या पावसाळ्यात थर परत. दुरुस्तीवाल्यानं पिकअप बदलताना तारा उतरवून परत चढवल्या, त्या ताणानं ब्रिज नव्यानं दाबला गेला आणि आवाज थांबला. श्रेय मिळालं पिकअपला.

कायमचं काम असं. तारा सैल करून काढा, ब्रिजचे स्क्रू काढा (फेंडर पद्धतीच्या ब्रिजला पाच असतात), ब्रिज उचला. पत्र्याच्या खालच्या बाजूला, जिथे तार टेकते तिथे, नाण्याएवढी जागा बारीक पॉलिश पेपरनं लख्ख करा. लाकडावर, ब्रिज झाकेल एवढ्याच जागेत, तांब्याच्या फॉइलचा एक तुकडा चिकटवा आणि तारेचं टोक सोलून, धागे पंख्यासारखे पसरून त्या फॉइलवर चपटं सोल्डर करा. आता ब्रिज एका टोकावर टेकण्याऐवजी पूर्ण तांब्यावर बसतो. सोल्डरचा उंच गोळा ठेवू नका, ब्रिज तिरका बसेल. तार तुटून आत गेली असेल तर गिटारची जुनी बारीक तार भोकातून सरकवून तिला नवी तार बांधून ओढून घ्या. स्क्रू लाकडात फिरत राहत असेल तर आगपेटीची काडी फेव्हिकॉल लावून भोकात भरा, रात्रभर वाळू द्या.

काळे, पावडर कोट केलेले ब्रिज असतील तर अजून एक गाठ असते: पत्रा ग्राउंडला असतो पण रंगामुळे सॅडल (ब्रिजवरचे तार टेकायचे ठोकळे) नसतात. मीटरचं टोक पत्र्याऐवजी थेट वाजवायच्या तारेला लावून बघा. फरक आला तर सॅडलच्या स्क्रूखालचा रंग खरवडा.

तारा परत चढवल्यावर मान थोडी हलते. दुसऱ्या दिवशी सूर परत जुळवा आणि मगच पट्ट्यांवरच्या खडखडाटाबद्दल मत बनवा.

जॅक

खर्र येण्याचं पहिलं कारण जॅकचा सैल नट, आणि दुसरं कारण तो आवळण्याची पद्धत. बाहेरून पान्यानं नट फिरवला की आतला जॅकही सोबत फिरतो, मागच्या दोन तारांना पीळ बसतो. दोनचार वेळा असं झालं की तार सोल्डरच्या मुळाशी तुटते, किंवा सिग्नलची पट्टी पोकळीच्या शील्डिंगला टेकते आणि बेस मुका होतो. जॅकची प्लेट काढा, आतून जॅक बोटांत घट्ट धरा, दातेरी वॉशर आहे ना बघा, आणि मग नट आवळा. काही बेसना कडेला लांबट नळीसारखा जॅक असतो. त्याच्या आतल्या पट्ट्या सैल झाल्या की वाकवत बसण्यात अर्थ नाही, सरळ बदला.

अॅक्टिव्ह बेसवर जॅक स्टीरिओ असतो आणि त्याला कारण आहे. ९ व्होल्टच्या बॅटरीची ऋण तार जॅकच्या मधल्या पट्टीला जोडलेली असते. प्लग आत गेला की ती ग्राउंडला टेकते आणि प्रीअॅम्प (बेसच्या आतलं सिग्नल वाढवणारं सर्किट) चालू होतो. कोणी हा जॅक बदलून साधा मोनो बसवला असेल तर एक तर प्रीअॅम्प चालूच होत नाही, नाहीतर बॅटरी कायम जोडलेली राहते आणि काही दिवसांत संपते. ‘बॅटरी खातो’ म्हणून स्वस्तात निघालेला अॅक्टिव्ह बेस दिसला तर आधी जॅक मोजा. एका जॅकच्या किमतीत चांगला सौदा होऊ शकतो. बॅटरी उतरली की मात्र घूं येत नाही, आवाज फाटतो. या दोन तक्रारी मिसळू नका.

नॉब फिरवताना खर्र येत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर पॉटच्या (नॉबखालच्या फिरत्या भागाच्या) फटीत मारून नॉब दोन्ही टोकांपर्यंत भरपूर फिरवा. सायकलच्या साखळीला मारायचा स्प्रे इथे नको. क्लीनर मारूनही अॅक्टिव्ह बेसचा एकच नॉब खरखरत राहिला तर पॉट निर्दोष असू शकतो. प्रीअॅम्पमधला कपॅसिटर गळका होऊन पॉटवर डीसी येत असेल, तर नवा पॉटही तसाच खरखरेल.

जो बिघाडच नाही

‘दादा, जॅझ बेस आहे, एवढं होतंच,’ असं विकणारा म्हणतो तेव्हा तो अर्धं खरं बोलत असतो.

फेंडरचा प्रिसिजन बेस १९५१ मध्ये आला आणि १९५७ मध्ये त्याला दोन तुकड्यांचा पिकअप मिळाला. ते दोन तुकडे उलट गुंडाळलेले, उलट चुंबकाचे. तारांचा सूर एकमेकांत मिळतो, घूं एकमेकांत मरते. तेव्हा अशा पी (प्रिसिजन) बेसवर सलग घूं येत असेल तर काहीतरी नक्की बिघडलंय. जॅझ बेस १९६० चा. त्याच्यात दोन वेगळे सिंगल कॉइल पिकअप. दोन्हींचे व्हॉल्यूम पूर्ण उघडे असतील तर घूं कटते, एक कमी केला की परत येते. हा स्वभाव आहे. पी-जे बेसवर (पुढे पी, मागे जॅझचा पिकअप) मागचा पिकअप एकटा वाजवला की तेच. बेस हातात धरून खुर्चीसकट हळूहळू गोल फिरा. एका दिशेला घूं जवळजवळ नाहीशी होत असेल तर ती चुंबकीय आहे, आणि तिच्यावर तांब्याची फॉइल काहीच करू शकत नाही. फॉइल झर्र अडवते. घूं नको असेल तर आतल्या आत घूं मारणारे, दोन कॉइलचे जॅझ आकाराचे पिकअप मिळतात, किंवा अॅम्पपासून चार पावलं लांब उभं राहणं हा फुकटचा उपाय आहे. मी दुसऱ्याच्या बाजूचा.

विकणाऱ्याचं अर्धं खोटं इथे असतं: दोन्ही नॉब पूर्ण उघडे, आणि तरी घूं तेवढीच. म्हणजे दोनपैकी एक पिकअप बदललेला आहे आणि जोडी जुळलेली नाही. पिकअपच्या खिळ्यांजवळ होकायंत्र न्या (टेकवू नका, सुईचीच दिशा बिघडेल). दोन पिकअपवर सुईचं वेगवेगळं टोक ओढलं गेलं पाहिजे. दोन्हीवर एकच टोक आलं तर जोडी चुकीची. दोन्ही एकत्र उघडल्यावर बेसचं पोट गेल्यासारखा पोकळ आवाज आला तर फेज उलटी. एका पिकअपच्या दोन तारांची अदलाबदल करून ते सुधारतं. मात्र धातूचं झाकण असेल आणि ते त्याच ग्राउंडच्या तारेला जोडलेलं असेल तर आधी ते वेगळं करा.

पिकअप जिवंत आहे का हे बेस न उघडता कळतं. नॉब सगळे पूर्ण उघडून केबलच्या प्लगच्या टोकावर आणि नळीवर मीटर धरा. पॅसिव्ह पी बेसवर १० किलोओहमच्या आसपास, जॅझवर एकेका पिकअपचे ७-८ आणि दोन्ही एकत्र त्याच्या साधारण निम्मे. पी बेसवर २५० किलोओहम दिसले तर तो पॉटचा आकडा आहे, पिकअप तुटलाय. इथे पिकअप बदलणं योग्य. अॅक्टिव्ह बेसवर ही मोजणी फसते.

शील्डिंग करायचं तर

फॉइल तांब्याची आणि चिकटही वीज वाहणारा असलेली घ्या. नसेल तर प्रत्येक जोडावर सोल्डरचा थेंब द्या, नाहीतर पोकळीत दहा सुटे पत्रे होतात आणि ग्राउंडला एकच असतो. पिकगार्डच्या मागची फॉइल पोकळीच्या फॉइलला कडेवर घासली गेली पाहिजे. कारखान्यातून काळा वाहक रंग दिलेला असेल तर तो एका छोट्या स्क्रूनं आणि वॉशरनं ग्राउंडला जोडलेला असतो. तो स्क्रू सैल होणं हीही परत येणाऱ्या आवाजाची एक जागा. झाकण लावण्याआधी जॅकच्या सिग्नलच्या पट्टीवर इन्सुलेशन टेप लावा. पॉटच्या पाठीवर सोल्डर करायला २५ वॉटची सोल्डरिंग आयर्न पुरत नाही, सांधा कोरडा राहतो आणि तोच पुढच्या वर्षी सुटतो. ४०-६० वॉटची वापरा, पटकन काम करा.

घेताना, विकताना

बडोद्यात संगीतशाळा १८८६ पासून आहे, सतार-तबल्याची दुरुस्ती इथे निगुतीनं होते. बेस उघडून समजून घेणारे हात मात्र कमी, त्यामुळे घेणाऱ्यानंच थोडं शिकलेलं बरं. बघायला जाताना स्वतःची केबल, मल्टिमीटर आणि एक स्क्रूड्रायव्हर न्या. मागचं झाकण उघडायला परवानगी मागा. ‘दादा, एकदा आत बघू का?’ एवढं सरळ विचारा. नाही म्हणाला तर भाव तसा करा. आत लोंबणाऱ्या तारा, टेपचे गठ्ठे, वेगवेगळ्या रंगांचं सोल्डर दिसलं तर हा बेस बऱ्याच घरांतून फिरून आलाय. ब्रिजची तार सुटणं, सैल जॅक, खरखरता पॉट या तिन्हींची दुरुस्ती मिळून तारांच्या एका नव्या सेटपेक्षा कमी खर्चाची आहे, पण भाव करताना समोरच्याला ती पिकअपच्या किमतीची वाटते. याचा फायदा किती घ्यायचा हे ज्याचं त्यानं ठरवावं. शहर लहान आहे, पुढच्या गरब्यात दोघं एकाच स्टेजवर असाल.

विकायला काढलेल्या बेसमध्ये नवा प्रीअॅम्प घालू नका. स्वस्त बेसला त्याचे पैसे परत मिळत नाहीत, घेणारा मॉडेलचा भाव देतो. लाकूड कोरून बॅटरीचा डबा बसवलेला असेल तर उलट कमीच देतो. इंचाच्या मापाचे पॉट आशियाई बनावटीच्या बेसच्या भोकांत सहसा बसत नाहीत, त्यासाठी भोक मोठं केलं की मूळचे पॉट परत सैल बसतात. शक्यतो मूळ मापाचेच घ्या. काढलेला प्रत्येक भाग, स्क्रूसकट, पिशवीत नाव घालून ठेवा. पिकअप काढून स्वतंत्र विकणार असाल तर मूळचे बसवल्यावर ब्रिजची तार जोडा आणि पोकळीचा फोटो जाहिरातीत टाका. कुरियरनं पाठवताना बॅटरी काढा.

सगळं केलं, तरी स्टेजवर येतोय

घरी शांत आणि नवरात्रात गरब्याच्या मैदानावर गेला की घूं, असा बेस परत उघडू नका. तिथे दिव्यांचे डिमर, जनरेटर आणि लांबच लांब केबली असतात. अॅम्प एका बोर्डवरून, मिक्सर दुसऱ्या टोकाच्या बोर्डवरून चालत असेल तर अर्थिंगचे दोन रस्ते होतात आणि त्या वळशात घूं शिरते. तुमच्या अॅम्पला साउंडवाल्याच्याच बोर्डवरून वीज मागा, दिव्यांच्या बोर्डवरून नको. तेवढ्यानं गेलं नाही तर डीआय बॉक्सवर (बेसचा सिग्नल मिक्सरला देणाऱ्या डबीवर) ग्राउंड लिफ्टचा खटका असतो, तो दाबा. त्यानं मिक्सरकडे जाणाऱ्या सिग्नलचं ग्राउंड तुटतं, अॅम्पचं अर्थिंग तसंच राहतं. डीआय नसेल तर साउंड चेकच्या वेळीच मागून घ्या, आरती सुरू झाल्यावर कोणी आणून देत नाही.